लेकीच्या मापाची दहावी

आपल्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण

जेवणं आटोपली असतील, खरकटी भांडी मोरीत पडली असतील. पडू द्या थोडा वेळ. जवळ एखादं पेन आणि जुन्या कॅलेंडरचा कागद असला तर घेऊन बसा, कारण मधे मधे लिहून घेण्यासारखं काही सांगणार आहे.

मी शिवणकाम करते. तालुक्याच्या गावी बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं छोटं दुकान आहे. मी शिक्षिका नाही, डॉक्टर नाही. स्वतः दहावीनंतर शिकले नाही. तरी आज शिक्षणावर बोलायला आले आहे. माझ्या धाकट्या लेकीची दहावी कुठून आणि कशी करायची, हे ठरवताना आम्ही दोन वर्षं ठेचा खाल्ल्या. त्या दुसऱ्या कुणा आईला लागू नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

गोष्ट एका कुर्त्यापासून सुरू होते. लग्नसराई होती, दुकानात गर्दी होती. मी गिऱ्हाइकाचं माप घेत होते आणि लेक वहीत लिहून घेत होती. तेव्हा ती नववीत. मी म्हणाले, ‘उंची त्रेचाळीस.’ तिनं लिहिलं ३४. रात्री मी वही बघून कापड कापलं. सकाळी ती बाई आली, आणि तिच्या महागाच्या कापडाची आखूड कुर्ती बघून जे बोलली ते मी इथं सांगत नाही. कापडाचे पैसे मी भरले. राग मात्र सगळा लेकीवर काढला. ‘साधा आकडा लिहिता येत नाही? लक्ष कुठं असतं तुझं?’ ती काही बोलली नाही. वही घेऊन आत गेली आणि मापाच्या त्या पानावर ४३, ४३, ४३ असं पानभर लिहीत बसली. त्यातही दोन ठिकाणी ३४ झालं होतं.

तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. खरं तर लहानपणापासून खुणा दिसत होत्या. वाचताना बोट ठेवायची आणि ओळ गाळायची. जोडाक्षर आलं की अडखळायची. लिहिताना काना-मात्रा गळायच्या, रफार कुठंतरी भलतीकडंच जायचा. पाढे संध्याकाळी पाठ, सकाळी साफ. पण धडा वाचून दाखवला की सगळा जसाच्या तसा सांगायची. रेडिओवरची श्रुतिका एकदा ऐकली की सासूबाईंना आवाज काढून करून दाखवायची. कापड नुसतं हातात घेऊन सांगायची, आई यात बाही बसणार नाही. आणि ती सांगायची ते बरोबर असायचं. मग अशी मुलगी ‘ढ’ कशी? पण शाळेत तिला ‘ढ’च म्हणत. आम्ही घरी ‘आळशी’ म्हणत होतो. आमचाही शब्द काही चांगला नव्हता.

त्या वेळी आठवीपर्यंत कुणाला नापास करत नव्हते, त्यामुळं गाडी ढकलत ढकलत पुढं गेली. नववीत निकाल लागला आणि ती पाच विषयांत नापास झाली. त्या संध्याकाळी मोठे दीर घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, ‘वहिनी, पोरीला शिक्षण झेपत नाही. वर्ष दोन वर्षं शिवणकाम शिकवा. तोवर बघण्यातलं एक स्थळ आहे, मंडळी चांगली आहेत.’ लेक तेव्हा पंधराची नव्हती झाली. मुलीचे बाबा गप्प बसले. आणि मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं की चला, सुटले. मग आतल्या खोलीत बघितलं, तर ती दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती.

तेव्हा मी ठरवलं की हिला खरंच झेपत नाही, की आपण चुकीच्या मापाचं घालतोय, हे आधी बघायचं.

गावातल्या एका निवृत्त बाईंनी मला पहिल्यांदा तो शब्द सांगितला, अध्ययन अक्षमता. शहरात सगळे एलडी म्हणतात. त्या म्हणाल्या, यात बुद्धी कमी नसते. डोळे-कान ठीक असतात. पण वाचायचं, लिहायचं किंवा आकड्यांचं काम मेंदू वेगळ्या रीतीनं करतो, म्हणून त्यात अडतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलं आहे, त्यात हीसुद्धा आहे. म्हणजे सवलत ही कुणाची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे.

पण हक्क मिळायला कागद लागतो. प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातूनच घ्यावं लागतं. २०१८ साली निघालेल्या केंद्राच्या सूचनांप्रमाणं ते आठ वर्षांनंतर मिळतं, आणि पुढं चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. आम्हाला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. एकदा डॉक्टर रजेवर, एकदा शाळेचं पत्र नाही म्हणून परत. तिसऱ्या वेळी तपासणी झाली. आधी डोळे आणि कान. मग बुद्धीची चाचणी. मग वाचन, लेखन, गणित. तुम्ही जाल तेव्हा मुलाच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या आणि प्रगतिपुस्तकं बरोबर न्या. वही बघून तपासणाऱ्याला बरंच कळतं. आणि चाचणी मूल ज्या माध्यमात शिकलं त्या भाषेत व्हावी, एवढा आग्रह धरा.

तिथल्या विशेष शिक्षिकेनं मला एक गोष्ट समजावली, ती मी जन्मभर विसरणार नाही. मी तिला कुर्त्याची गोष्ट सांगितली होती. ती म्हणाली, ‘ताई, त्रेचाळीस म्हणून बघा. तुमच्या कानाला आधी काय ऐकू आलं? तीन. मग चाळीस. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी. बाकीची मुलं हे उलटं-सुलटं न कळत शिकतात. तुमच्या मुलीला ते मुद्दाम शिकवावं लागेल. तिनं जे ऐकलं तेच लिहिलं हो.’ मी तिथंच बाकावर बसून रडले. पोरीनं ऐकलं तेच लिहिलं होतं, आणि मी तिला दिवसभर बोलले होते.

आता मुख्य विषय. कागद हातात आला, पुढं दहावी कुठून? आमच्यासमोर तीन वाटा होत्या. लिहून घ्या.

पहिली वाट म्हणजे आहे त्याच शाळेत राहून राज्य मंडळाची दहावी सवलती घेऊन करायची. प्रमाणपत्र असलेल्या मुलांना ज्यादा वेळ मिळतो, तासाला २० मिनिटं. लेखनिक मिळतो, म्हणजे मूल सांगेल ते लिहून देणारा. गणकयंत्र वापरता येतं. शुद्धलेखनाच्या चुकांना मार्क कापत नाहीत. गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित आणि कार्यानुभव घेण्याची सोयही आहे. हे सगळं शाळेमार्फत मंडळाकडून मंजूर करून घ्यायचं असतं, परीक्षा तोंडावर आल्यावर होत नाही. मी स्पष्ट सांगते, तुमचं मूल शाळेत आनंदात असेल आणि मुख्याध्यापक मदत करणारे असतील, तर हीच वाट धरा. मैत्रिणी, खेळ, सहल, सरांचा आधार हे घरी मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एका ताईंचा मुलगा याच वाटेनं दहावी झाला, लेखनिक घेऊन. त्याला शाळा सोडायची वेळच आली नाही.

आमचं तसं नव्हतं. शाळेत तिचे मार्क वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायचे. रोज सकाळी दप्तर उचललं की तिच्या पोटात दुखायचं, आणि रविवारी मात्र काही दुखत नसे. प्रमाणपत्र दाखवल्यावर शाळेतून उत्तर आलं की एका मुलीसाठी एवढं करायला आमच्याकडं माणसं नाहीत. तरीही ती थांबायला तयार असती, तर मी भांडले असते. पण ती म्हणाली, ‘आई, मी शिकीन. त्या वर्गात नको.’

दुसरी वाट १७ नंबर फॉर्मची. हा आपल्याकडं सगळ्यांना माहीत असतो. घरी अभ्यास करायचा आणि बाहेरून राज्य मंडळाच्या परीक्षेला बसायचं. पण एक लक्षात घ्या. यात फक्त जागा बदलते. शाळेतल्या मुलांचा जो अभ्यासक्रम, तोच आपल्याला. ज्याचं दुखणं शाळेच्या वेळेत किंवा घरच्या परिस्थितीत आहे, त्याला हा फॉर्म ठीक. ज्याचं दुखणं विषयातच आहे, त्याला यानं फारसा फरक पडत नाही.

तिसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तिलाच एनआयओएस म्हणतात. ही केंद्र सरकारची संस्था आहे. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झाली, २००२ मध्ये तिला आताचं नाव मिळालं. शहाणे लोक म्हणतात की ही नापासांची दहावी आहे. तसं काही नाही. हे सरकारमान्य मंडळच आहे. पुण्याला तिचं प्रादेशिक केंद्र आहे.

हिचं वेगळेपण सांगते. दहावीच्या प्रवेशासाठी वय १४ पूर्ण लागतं. पाच विषय पास व्हायचे, त्यात एक तरी भाषा हवी, दोन चालतात. गणित सक्तीचं नाही. विज्ञानही सक्तीचं नाही. विषयांची यादी मोठी आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा भाषा आहेत. गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र आहे. शिवाय गृहविज्ञान, अर्थशास्त्र, व्यवसाय अध्ययन, मानसशास्त्र, चित्रकला, डेटा एंट्री असेही विषय आहेत. पास व्हायला ३३ टक्के लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. आणि पाचही विषय एकाच दमात द्यायला नकोत. एका वेळी एक द्या, दोन द्या. पास झालेला विषय जमा राहतो. घरी लिहून द्यायचे स्वाध्याय असतात, त्यांना २० टक्के वजन असतं. कुणी मान्यताप्राप्त मंडळाच्या दहावीला बसून नापास झालं असेल, पण एक-दोन विषय सुटले असतील, तर असे दोनपर्यंत विषय इकडं जमा करून घेता येतात. लेखनिक आणि ज्यादा वेळ इथंही आहे, पण आधी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, झालं, प्रश्न सुटला. मलाही वाटलं होतं. आणि इथंच आम्ही मोठी चूक केली.

प्रवेश घ्यायचा ठरला तेव्हा मी एका क्लासवाल्याकडं गेले. त्यानं फी घेतली, फॉर्म भरला आणि विषय स्वतःच घातले. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र, हिंदी. माध्यम इंग्रजी. मी विचारलं, मराठी का नाही? तो म्हणाला, ‘ताई, उद्या कुणी विचारलं तर गणित-विज्ञान दाखवता आलं पाहिजे. आणि इंग्रजीला किंमत आहे.’ मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, दिरांना तोंड दाखवायला बरं पडेल असं वाटलं. जे कापड लेकीला शाळेत होत नव्हतं तेच मी दुसऱ्या दुकानातून विकत आणलं, आणि तेही परक्या भाषेतलं. सहा महिने ती रोज पुस्तक उघडून बसायची. पहिल्या परीक्षेला पाचही पेपर एकदम दिले आणि एकही सुटला नाही.

निकालाच्या दिवशी ती म्हणाली, ‘आई, आता काकांना सांग स्थळ बघायला.’ हे ती रागानं बोलली नाही. थकून बोलली. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि त्या निवृत्त बाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, ‘तू ब्लाउज शिवताना आधी काय करतेस?’ मी म्हणाले, माप घेते. ‘मग हिचं माप कुणी घेतलं? क्लासवाल्यानं बाजारचं माप लावलं, तू दिराचं लावलंस.’ मग आम्ही तिघी बसलो. मी, बाई आणि लेक. दोन रकाने आखले. तिला काय जमतं आणि कशात ती अडते. जमतं त्यात ऐकून लक्षात ठेवणं, बोलून सांगणं, हातानं करणं, चित्र काढणं, माणसांशी बोलणं. अडतं त्यात वेगानं वाचणं, लांब लिहिणं, सूत्रं, परकी भाषा. मग विषयांची यादी त्या रकान्यांवर ठेवली.

माध्यम मराठी करून घेतलं. विषय बदलण्याची सोय आहे, शुल्क भरावं लागतं. नवे विषय ठरले ते असे. मराठी, कारण भाषा हवीच आणि ती हीच बोलते. गृहविज्ञान, कारण त्यात अन्न, कापड, घरखर्च, आणि प्रात्यक्षिक आहे. कापडाचा धडा तर तिनं मला शिकवला. चित्रकला, कारण त्यात हाताचं काम जास्त. व्यवसाय अध्ययन, कारण दुकान समोरच आहे. आणि सामाजिक शास्त्र, कारण ते गोष्टीसारखं ऐकता येतं. इंग्रजीचं काय? ते नंतर, जादा विषय म्हणून, बाकीचं हातात आल्यावर. इंग्रजी नको असं आम्ही म्हटलं नाही. आधी पाय टेकू दे, मग उडी मारू, असं ठरवलं.

आता तुमच्या घरी असं मूल असेल तर विषय निवडण्याआधी पाच प्रश्न विचारा.

पहिला. मूल नेमकं कशात अडतं? वाचण्यात, लिहिण्यात, की आकड्यांत? ‘अभ्यासात कच्चं आहे’ हे उत्तर नव्हे. लिहिण्यात अडत असेल तर लेखनिक मिळाल्यावर विज्ञानसुद्धा जमेल, मग ते सोडायचं कशाला? आकड्यांत अडत असेल तर लेखनिक कितीही चांगला दिला तरी गणित सुटणार नाही.

दुसरा. दहावीनंतर कुठं जायचं आहे? सोपे विषय घेतले आणि पुढं दार बंद निघालं, असं होऊ नये. काही तांत्रिक अभ्यासक्रमांना, अकरावी विज्ञानाला दहावीचं गणित-विज्ञान पाहिजे असतं. ज्या कॉलेजात किंवा आयटीआयमध्ये जायचं, तिथं आधी जाऊन विचारून या. माझ्या लेकीला ड्रेस डिझाइनकडं जायचं आहे, म्हणून आम्ही तिथं चौकशी केली आणि मगच गणित सोडलं.

तिसरा. पुस्तक मराठीत आहे का? सगळ्याच विषयांचं सगळंच साहित्य मराठीत मिळेल असं धरून चालू नका. विषय नक्की करण्याआधी पुस्तक डोळ्यांनी बघा, एक धडा मुलाला वाचून दाखवा, आणि काय कळलं ते विचारा. संस्थेच्या संकेतस्थळावर पुस्तकं फुकट बघायला मिळतात.

चौथा. परीक्षा आणि प्रात्यक्षिकाचं केंद्र कुठं पडेल? आमचं केंद्र तालुक्यात नव्हतं. एसटीनं दीड तास. पेपरच्या आदल्या दिवशी नात्यात मुक्काम केला. दोन पेपरांच्या मधे किती दिवस आहेत, तेही बघून विषय घ्या.

पाचवा. घरात शिकवणार कोण? आणि रोज किती वेळ? याचं खरं उत्तर द्या. आई रात्री दहाला मोकळी होत असेल, तर पाच विषय एकदम घेऊ नका.

आणि एक धोक्याची सूचना. ‘घरबसल्या दहावी पास, परीक्षेला यायचीसुद्धा गरज नाही’ अशी पत्रकं विजेच्या खांबावर लावलेली दिसतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. खऱ्या मंडळात परीक्षा द्यावीच लागते. प्रवेशाचा अर्ज, अभ्यासकेंद्राचं नाव, सगळं संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासा आणि पावती आपल्या नावाची घ्या.

आता घरातला अभ्यास कसा चालला ते सांगते. सकाळी दहा ते एक ही तिची वेळ. ४० मिनिटं अभ्यास, मग १० मिनिटं उठायचं. धडा आधी ऐकायचा. कधी बाई वाचून दाखवत, कधी मी मशीन चालवता चालवता तिच्या मोठ्या भावानं फोनवर रेकॉर्ड केलेला धडा दोघी ऐकायचो. आता तर फोन स्वतःच मराठी मजकूर वाचून दाखवतो. ऐकून झालं की तिनं तो मला सांगायचा. सांगता आला की मग पुस्तकात त्यातल्या चार ओळी वाचायच्या. लिहायचं सगळ्यात शेवटी, आणि थोडंच.

लेखनिकाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. लेखनिक मिळाला म्हणजे मूल आपोआप पास होत नाही. दुसऱ्याला उत्तर सांगून लिहून घेणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. पहिल्यांदा तिनं मला उत्तर सांगितलं ते भरभर, मधूनच सुरू करून, आणि ‘ते मगाशी सांगितलं ना’ म्हणत. मग आम्ही सराव केला. आधी मुद्दे बोटांवर मोजायचे. एक वाक्य सांगायचं, थांबायचं, लिहिणाऱ्यानं मान हलवली की पुढचं. तीन महिने दर रविवारी शेजारच्या मुलीला बसवून हे केलं.

आता बायकांपुरतं एक सांगते. मुलगा घरी बसून शिकत असला की घर म्हणतं, शांत बसा, तो अभ्यास करतोय. मुलगी घरी बसून शिकत असली की घर म्हणतं, घरीच आहे ना, जरा भाजी निवड, जरा पाहुण्यांना चहा टाक. दहा ते एकमधे तिला किती हाका यायच्या, ते मी एक दिवस मोजलं. अकरा. त्यातल्या चार माझ्याच होत्या. त्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, ‘आत्या, एक वाजेपर्यंत ती शाळेत गेलीय असं समजायचं.’ त्या पहिल्यांदा रुसल्या. मग त्यांनीच सवय लावून घेतली. कुणी पाहुणा आला की त्याच सांगायच्या, पोर शाळेत आहे. आणि पोर आतल्या खोलीत. घरी शिकणं म्हणजे मुलगी रिकामी आहे असं नव्हे, हे घरातल्या प्रत्येकाला सांगावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. शाळा सुटली की मैत्रिणी सुटतात. सहा-सात महिने ती बाजारात जायची नाही, कुणी ‘कितवीला?’ विचारेल म्हणून. आम्ही तिला संध्याकाळी वाचनालयात चित्रकलेच्या वर्गाला घातलं. तिथं तिला कुणी कितवी विचारलं नाही, चित्र बघून नाव विचारलं. शाळेच्या चार भिंती सोडल्या म्हणून घराच्या चार भिंतींत कोंडू नका.

मग निकाल. पहिल्या खेपेला दोनच विषय दिले, गृहविज्ञान आणि चित्रकला. दोन्ही सुटले. कागद हातात घेऊन ती दुकानात आली आणि काही न बोलता माझ्या मशीनवर ठेवला. पुढच्या खेपेला मराठी आणि व्यवसाय अध्ययन दिले. मराठी सुटलं, व्यवसाय थोडक्यात राहिलं. ते तिसऱ्या खेपेला सुटलं. आता सामाजिक शास्त्र राहिलं आहे. ते येत्या ऑक्टोबरमध्ये. सुटेल की नाही, मी आज सांगू शकत नाही. नाही सुटलं तर अजून संधी आहेत. ती आता सतरा पूर्ण आहे. अठराव्या वर्षी प्रमाणपत्राची तपासणी पुन्हा करायची, त्याची तारीख मी कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवली आहे.

स्थळाचं विचाराल तर मुलीच्या बाबांनीच भावाला सांगितलं, ‘दादा, तिचे पेपर चालू आहेत.’ एवढंच. आमचे हे फार बोलणारे नाहीत. त्यांच्या मानानं ते भाषणच झालं.

मैत्रिणींनो, कुठलं मंडळ मोठं, कुठलं लहान, हे लोक सांगतील. मुक्त विद्यालयच सगळ्यांना बरं, असंही मी म्हणत नाही. एखाद्याला शाळाच बरी, एखाद्याला १७ नंबर बरा. मी एवढंच म्हणते की आधी माप घ्या. मुलाला जवळ बसवून घ्या आणि त्याच्यासमोर घ्या, त्याला विचारून घ्या. लोकांच्या नजरेचं माप लावून घेतलेला अभ्यासक्रम कितीही भारी असला तरी अंगाला होत नाही, आणि शेवटी आपण मुलालाच बोल लावतो. मी लावला होता.

आजही दुकानात माप लेकच लिहून घेते. मी आता त्रेचाळीस म्हणत नाही. ‘चार-तीन’ म्हणते, सुटं सुटं. ती ४३ लिहिते आणि मला मोठ्यानं वाचून दाखवते. गिऱ्हाइकं हसतात, या मायलेकी मापं घेतात की टेलिफोन नंबर सांगतात म्हणून. हसू देत. त्यानंतर एकही कापड वाया गेलेलं नाही.

तुमच्या ओळखीत असं कुणी मूल असेल तर त्याच्या आईला हे सांगा. आणि माझ्या दुकानावरून गेलात तर आत या. दहा ते एक मात्र हळू आवाजात बोला, आत शाळा भरलेली असते.